पहिल्या पट्टीवरची खाच

फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी,
काचेच्या नळीत ती दहा मिनिटं गारठते.
पाय पोटाशी, मिशा खाली.
जाग यायच्या आत वाचून व्हायला हवी.
विश्राम म्हणतो, एक दिवस ही कोशिंबिरीत पडणार.
पडू दे. आधी मिशांचे सांधे मोजू दे.

बारा. म्हणजे बाई.
तेरा असते आणि शेवटचा आकड्यासारखा वळलेला,
तर बाप्या. त्यांना नांगी नसते,
हे मी विश्रामला सांगितलेलं नाही.

अंग काळं. खांद्यावर दोन ठिपके,
डोळ्यामागे एक, टाचणीच्या टोकानं ठेवल्यासारखा.
पोटावर पिवळ्या पट्ट्या, चार ठसठशीत,
पाचवी लिहिता लिहिता शाई संपावी तशी.
पण पिवळ्यावर विसंबू नका, थर्टल म्हणतात,
पिवळं दरसाल बदलतं.
कवच बघा. कोरीवकाम बघा.

थर्टलनी पस्तीस वर्षं वुडब्रिजच्या आसपास पत्रं वाटली.
पावसानं पत्ता उतरला तरी घर चुकलं नाही म्हणे.
मी जवळजवळ तितकीच वर्षं इप्सविचच्या हॉस्पिटलात
काचपट्ट्यांवरच्या पेशी बघितल्या :
ही बरी, ही बरी, ही बरी,
ही... थांब.
निवृत्तीनंतर दोघांनाही दुसरं काही येईना.

तर, पहिल्या पट्टीवर आडवा कंगोरा.
त्याच्या मधोमध उभी खाच असली तर एक घराणं,
नसली तर दुसरं.
मला खाच दिसली.
तांदळाएवढ्या अक्षरात चिठ्ठी लिहिली :
नाव, तारीख, वुडब्रिज,
शेडच्या कुलपाचं भोक चिखलानं बुजवताना,
पाहणारी घैसास.

थर्टल कुंपणापलीकडून आले, चपला चिखलाच्या.
भिंग डोळ्याला, दिवा जरा तिरपा,
आणि खाच सरकली.
“सावली आहे ती, मिसेस गॅसस.”
अकरा वर्षं आडनाव असंच म्हणतात,
आणि पंखातली एक शीर मी चुकले
तर दुपारभर बोलत नाहीत.

तेवढ्यात एक मिशी हलली.
नळी खिडकीत उघडून ठेवली.
तिनं तोंड पुसलं, दोन्ही हातांनी, नीट,
कोणी पाहुणे येऊन गेल्यासारखं,
आणि गेली.

शनिवारी गवत कापायचं होतं, यंत्र शेडमध्ये.
कुलपातला चिखल मी केसांच्या पिनेनं काढला.
आत हिरव्या अळ्या, सात का आठ,
जिवंत, पण हलेनात.
वर दोऱ्याला टांगलेलं एक अंडं.

राजापूरला कीर्तनात बुवा सांगायचे :
भिंगुरटी अळीला मातीच्या घरात कोंडते,
अळी तिचंच ध्यान करते, रात्रंदिवस तिचंच,
आणि एक दिवस भिंगुरटी होऊन बाहेर पडते.
आम्ही पोरं तेव्हा चिरमुऱ्यांची वाट बघत असायचो.
थर्टलना हे सांगितलं.
त्यांनी भिंग खिशात ठेवलं, परत काढलं.
“पण ध्यान करतं कोण? आतली की अंड्यातली?”
बुवांना कोणी विचारलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा मी पिन हातात धरून उभी.
कुलपाशी तिनं तीन चकरा मारल्या,
भोकात डोकं घातलं, काढलं,
आणि दाराच्या बिजागरीत
स्क्रू निघून गेलेली जागा होती
तिथं पहिली गोळी आणून थापली.
माझ्याकडे बघितलंही नाही.
तीन साधे डोळे आणि दोन मोठे असताना.

चिठ्ठी थर्टलनीच नवी लिहून दिली, पोस्टमनच्या अक्षरात.
घराणं बरोबर, जात बरोबर, तारीख बरोबर.
शेवटी गॅसस.
दुरुस्त करायला कागदावर जागा नव्हती.
गवत अजून तसंच आहे.